तेलाचं माप आणि पाण्याची नळी

अण्णा, आज रविवार आहे आणि मी कंपनीत येऊन बसले आहे. सुट्टीच्या दिवशी कामावर जाणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते चांगलं लक्षात आहे, इथं लिहीत नाही. प्रयोगशाळेत कुणी नाही. समोर कॉम्प्युटरवर एक फॉर्म उघडा आहे. त्यात चार ओळी लिहायच्या आहेत, चूक काय झाली आणि कुणाकडून झाली एवढंच. सकाळी दहापासून त्या चार ओळी लिहिते आहे आणि पुसते आहे. शेवटी वैतागून वही ओढली आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकदाही लिहावंसं वाटलं नाही, आणि आज वाटलं तेही रागानंच.

मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे तुमचंच काम करते. तेल आणि पाणी एकत्र नांदवायचं. इमल्शन. तुम्ही त्याला ‘मल्शन’ म्हणायचात. हर्सूलच्या सरकारी दवाखान्यात, औषधाच्या खिडकीमागं, चिनी मातीच्या पांढऱ्या खलात एरंडेल घ्यायचात, त्यात बाभळीच्या डिंकाची पूड, मग पाणी एकदम ओतायचं, आणि बत्ता असा गरगर फिरवायचात की हाताच्या शिरा वर यायच्या. चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक. एकाच दिशेनं. मध्येच माझ्या हातात बत्ता दिलात आणि मी उलटा फिरवला की मनगटावर टपली बसायची. घोटता घोटता खलातून कट्-कट् आवाज यायला लागला की तुमचा चेहरा सैल व्हायचा. “लागलं बघ,” म्हणायचात. पांढरं, घट्ट, सायीसारखं. पण राग मानू नका, सूक्ष्मदर्शकाखाली तुमचं मल्शन म्हणजे नुसता शनिवारचा बाजार. एक थेंब एवढा, शेजारचा त्याच्या दहापट, तिसरा दिसेल न दिसेल असा. घोटून फोडलेलं तेल कसंही फुटणार, त्याला तुम्ही तरी काय करणार होता.

आम्ही तेल फोडतच नाही. आमच्याकडं वीतभर लांबीची एक पांढरी नळी आहे, तुमच्या खलासारख्याच भाजलेल्या मातीची म्हणा. तिच्या भिंतीला सगळीकडून छिद्रं आहेत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक आणि सगळी एका मापाची. नळीच्या आत तेल भरायचं आणि अगदी हलक्या दाबानं रेटायचं. बाहेरून पाणी वाहत ठेवायचं. मग प्रत्येक छिद्रातून तेलाचा एक थेंब डोकं वर काढतो, पुरेसा फुगला की वाहतं पाणी त्याला ओढून नेतं, की मागून दुसरा येतो. आईच्या शेवेच्या सोऱ्यासारखं, फक्त घाई करायची नाही. पहिल्यांदा असा घाणा नीट उतरला तेव्हा मी भिंगातून पाहिलं, तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे थेंबच थेंब, एकसारखे, एकही आगाऊ नाही. तुमची फार आठवण आली तेव्हा. डोळ्यांत घालायचं औषध आहे हे. थेंब लहान-मोठे झाले की औषध बाटलीत फाटतं, वर तेल तरंगतं, आणि डोळ्यांपुढं धुरकट दिसतं. सगळा खेळ त्या एकसारखेपणाचा आहे.

आणि या खेळाची एकच अट. नळीला पाणी प्रिय असलं पाहिजे. तेलाआधी पाणी तिच्या छिद्राछिद्रात मुरलेलं पाहिजे. एकदा का कोरड्या नळीत आधी तेल शिरलं, की ती तेलाची झाली. मग थेंब सुटत नाही, नळीच्या अंगावर पसरतो, शेजारच्याला जाऊन मिळतो आणि केव्हातरी भलामोठा होऊन पडतो. म्हणून ती रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायची. हे काम एक बाई करायची. मुकुंदवाडीहून यायची, कंत्राटदाराच्या हजेरीवर होती, माझ्याच वयाची. मी तिला ताई म्हणायचे, ती मला मॅडम. शिक्षण बारावी, पण हात असा, की नळी उचलायची तेव्हा तान्हं मूल उचलल्यासारखी उचलायची. “लई नाजूक हाय वो ही,” म्हणायची. पाच वर्षांत तिच्या हातून एक नळी तडकली नाही. माझ्या हातून दोन गेल्या.

‘होती’ लिहिलं मी. आता ती इथं नाही. तेच तर सांगायचं आहे.

खंडेनवमीला आमच्याकडंही पूजा असते. खाली प्लांटमध्ये मोठ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळं साग्रसंगीत. इथं वर प्रयोगशाळेत आम्ही आमची छोटी मांडतो. मी दरवर्षी तुमचा खल आणते. मला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही तो दिला होता. काठाला तडा गेला म्हणून दवाखान्यातून रद्द झाला होता, तरी तुम्ही तो उचलून आणला नाहीत, साहेबांकडं रीतसर अर्ज केलात, त्यावर मंजुरी घेतलीत, आणि मग धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिलात. भंगारातल्या खलासाठी अर्ज! आईनं कपाळावर हात मारून घेतला होता. तर तो खल पाटावर ठेवला, शेजारी तुमची कात्री, तुमचा तराजू, आणि यंदा मनात आलं, आपलं खरं हत्यार तर ही नळी, तिलाही पाटावर बसवू. तुम्ही काय करायचात ते डोळ्यांपुढं होतं. कोरडं हत्यार पुजायचं नाही. तिळाच्या तेलात बोट बुडवायचं, कात्रीच्या खिळ्याला, तराजूच्या दांडीला, बत्त्याच्या लाकडी मुठीला तेलाचा हात फिरवायचा, मग हळद-कुंकू. मी तसंच केलं. कात्री झाली, तराजू झाला, मूठ झाली, आणि त्याच ओघात नळी. कुंकू लावलं नाही, म्हटलं रंग उतरेल. हळदीनं काय होतंय, म्हणून हळद लावली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मीच साबणाच्या पाण्यानं नळी धुतली आणि वाळायला भट्टीत ठेवून घरी गेले. दसऱ्याची सुट्टी होती.

सुट्टीनंतरचा पहिलाच घाणा फाटला. दुसराही. पुढं तीन आठवडे एक घाणा नीट उतरला नाही. काय नाही केलं अण्णा! पंप बदलला. दाब कमी केला, वाढवला, परत कमी केला. पाणी बदललं, तेलाचा पिंप बदलला. पुरवठादाराला फोनवर इतकं फैलावर घेतलं की तो बिचारा दोन दिवस फोन उचलेना. रोज सकाळी भिंगाला डोळा लावायचा आणि रोज तोच शनिवारचा बाजार. वरून साहेबांचा तगादा, औषध विकत घेणाऱ्या कंपनीचे लोक पाहायला येणार, त्यांना काय दाखवायचं? माझ्या नाकी नऊ आले. घरी चिडचिड, इथं चिडचिड. नळी बदलून पाहावी तर ती परदेशातून येणार, तोवर हात चोळत बसायचं. आणि साहेब म्हणाले, ते सगळं ठीक, कारण काय ते लिहून द्या.

मी कारण शोधलं. नोंदवहीत सापडलं. सुट्टीनंतरच्या त्या पहिल्या सकाळी ताईला रेल्वे फाटकात अडकल्यामुळं उशीर झाला होता. नळी सुट्टीत कोरडी पडलेली, ती रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी बसवायला हवी होती; तिनं आल्या आल्या पाण्यात टाकली आणि दोन तासांत बसवली, कारण मीच घाई केली होती. वहीत वेळ लिहिलेली, खाली तिची सही. झालं. नळी पुरती भिजली नाही, तेल आधी शिरलं, नळी बिघडली. शास्त्राला धरून होतं सगळं. चौकशीला बसलो तेव्हा साहेबांनी विचारलं, तर ती मान खाली घालून एवढंच म्हणाली, “येळ कमी पडला, खरं हाय.” दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानं तिला येऊ नको सांगितलं. उद्या सोमवारी हा फॉर्म बंद होईल. बंद झाला की तिच्या नावापुढं चूक कायमची लागली, मग या पट्ट्यात तिला दुसरा कुठला कंत्राटदार उभं करणार नाही. आणि मी त्या दिवशी घरी जाऊन शांत झोपले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

शुक्रवारी नवी नळी आली. जुनी टाकून द्यायची होती. टाकण्याआधी म्हटलं, एकदा कॉस्टिक सोड्यात घालून बघू, तेल सुटलं तर सुटलं. कॉस्टिक आम्ही एरवी वापरत नाही, नळीचं आयुष्य कमी होतं. काचेच्या भांड्यात नळी ठेवली, वरून कॉस्टिकचं पाणी ओतलं. आणि अण्णा, पाणी लाल झालं. नळीच्या अंगातून तांबडे धागे निघायला लागले, हळूहळू सगळं भांडं तांबडं. मी चौथीत असताना तुम्हीच दाखवलं होतं, हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग कसा येतो ते. टाळ्या पिटल्या होत्या मी. परवा मात्र मी आधी स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. कारण या इमारतीत हळद येते वर्षातून एकदाच, आणि ती नळीला माझ्या बोटानं लागली. हळद जिथवर गेली तिथवर तेल गेलेलं. वर मीच भट्टीत भाजून ते पक्कं केलेलं. ती नळी ताईनं रात्रभर काय, महिनाभर भिजवली असती तरी काही उपयोग नव्हता.

आता माझा राग ऐका. हे कळलं तेव्हा पहिली आठवण तुमची आली, आणि पहिला संतापही तुमचाच. मला तो दवाखान्यातला दिवस आठवला. मी दहा वर्षांची होते. कुणा पुढाऱ्याच्या नातवासाठी एरंडेलाचं मल्शन करायचं होतं, डॉक्टरसाहेब स्वतः येऊन उभे राहिले होते. तुम्ही तेल मापलंत, डिंक घातलात, पाणी ओतलंत, घोटलंत, आणि काही केल्या कट्-कट् आवाज येईना. डिंकाच्या गुठळ्या झाल्या, तेल वर आलं. पुन्हा केलंत, पुन्हा तेच. बाहेर जीप खोळंबलेली. साहेब सगळ्यांदेखत तुम्हाला वाटेल ते बोलले. आणि तुम्ही काय म्हणालात? “माझ्याच हातनं झालं असंल साहेब. तेलाचं माप वलं राह्यलं असंल.” असंल! बघितलं होतंत का तुम्ही? विचारलंत कुणाला? तेलाचं माप वेगळं, पाण्याचं वेगळं, तेलाच्या मापाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, कोरड्या फडक्यानंच पुसायचं, हा तुमचाच नेम. वीस वर्षांत तुमच्या हातून कधी मोडला नव्हता. डिंक जुना होता म्हणाला असतात तर चाललं असतं. सरकारी डिंकच तो. पण नाही, सगळं आपल्या अंगावर घेऊन मोकळे. महिन्यात बदली झाली, कन्नड तालुक्याच्याही पलीकडं. आईचं शिवण बंद पडलं, माझी हर्सूलची शाळा सुटली, ज्या गावात पाण्याला मैलभर जावं लागायचं तिथं चार वर्षं काढली. आई मरेपर्यंत म्हणत होती, या माणसाला स्वतःची चूक शोधायची भारी हौस. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण असं होऊ नये. पुरावा असल्याशिवाय काही अंगावर घ्यायचं नाही. नोकरीत इतकी वर्षं मी हेच केलं, आणि माझं चांगलं चाललं.

काल ताईला फोन केला. का केला माहीत नाही, कबूल करायला म्हणून केला नव्हता. तिकडं भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी इकडचं तिकडचं बोलले, मग तोंडून निघूनच गेलं. “ताई, त्या नळीला तेल मी लावलं होतं. पूजेच्या दिवशी.”

भांड्यांचा आवाज थांबला. “व्हय, ठावं हाय मला.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी दारात रांगोळी काढत व्हते की. बघितलं ना. म्हनलं मॅडम एवढ्या शिकल्याल्या, त्यांला कळत आसंल काय लावायचं आन् काय नाय.”

“मग चौकशीत का नाही बोललात?” माझा आवाज चढला. चढायचं काही कारण होतं का? पण चढला.

“बोलून काय व्हनार व्हतं? कागदावर सही माझी. मॅडमनी तेल लावलं म्हनले असते तर साहेब म्हनले असते, बघा, आपलं झाकाया दुसऱ्याचं नाव घेती. आन् तुम्ही तिथंच बसल्या व्हत्या की. तुमालाच आठवलं नाय, तर मी काहून याद करून देऊ?”

मग तीच पुढं म्हणाली, “आन् त्या दिशी तुम्ही वडलांच्या खलावरून हात फिरवत व्हत्या. लई मन लावून. तवा मधी बोलाया जीभ रेटली नाय, ती चूक मातर माझी. तवाच बोलले असते तर नळी वाचली असती.”

म्हणजे बघा अण्णा, तीसुद्धा! स्वतःची चूक शोधायची हौस असलेली दुसरी. मला ओरडावंसं वाटलं, की बाई, तुझी कसली चूक? तिनं विचारलं, “मंग आता काय करनार तुम्ही?” मी म्हणाले, “बघते.” “बघा,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या ‘बघा’नं रात्रभर डोक्याला ताप दिला. तिचा मुलगा डिप्लोमाला आहे, नवरा कुठं कायमचा कामावर नाही, हे मला पाच वर्षं माहीत आहे. ‘बघते’ म्हणायला लाज वाटायला हवी होती.

सकाळपासून इथं काय चाललंय ते सांगते. पहिल्यांदा लिहिलं, ‘नळीवर बाह्य तेलाचा अंश आढळला.’ पुसलं. मग, ‘पूजेच्या वेळी नळी तेलाच्या संपर्कात आली असावी.’ आली असावी! नळी काय आपण होऊन तेलाच्या वाटीत जाऊन बसली? तेही पुसलं. मग, ‘यापुढं पूजेत नळी ठेवू नये अशी सूचना देण्यात यावी.’ हे सगळ्यात नीट होतं. कुणाचंच नाव नाही, सगळे सुखी. तीन वाक्यं लिहिली आणि त्यात कर्ता कुठं नाही. या भाषेत मी पटाईत आहे. वीस वर्षं लिहीत आले. तुमचा खल समोर आहे, तडा गेलेला, त्याच्याकडं बघितलं की आणखी चिडचिड होते. म्हणून तर वही ओढली. मनात होतं, तुम्हालाच खडसवावं, की तुम्ही ना तेल लावायचं शिकवलं असतं ना हे झालं असतं. तुमच्यावर खापर फोडलं तर तुम्ही नक्की घेतलंही असतं. “माझ्याच हातनं झालं असंल,” म्हणाला असतात.

म्हणूनच फोडता येईना.

पाणी प्यायले, परत आले. फॉर्ममधलं सगळं पुसून एकच ओळ लिहिली, ‘नळीला तेल मी लावलं, ऑपरेटरची काही चूक नाही.’ खाली माझं नाव. बटण दाबलं. उद्या साहेब काय म्हणतील ते म्हणतील, आणि ते गोड म्हणणार नाहीत. कंत्राटदाराला सकाळी मीच फोन करणार. ताई परत येईल का, माहीत नाही. यायचं की नाही ते तिनं ठरवायचं.

हे पत्र वहीतच राहणार. पण एक गोष्ट उरली, ती फॉर्ममध्ये मावणारी नव्हती आणि तुम्ही होतात तोवर मी ती सांगितली नाही. त्या दिवशी माप तुमच्या हातून ओलं राहिलं नव्हतं. तुम्ही पाटी-दप्तर घेऊन आलेल्या मला खिडकीमागं बसवून जेवायला गेला होतात. माप तेलकट, कळकट दिसलं, तुम्ही खूश व्हाल म्हणून मी ते हौदावर नेऊन धुतलं आणि न पुसताच होतं तिथं ठेवलं. साहेब बोलत होते तेव्हा मी औषधांच्या कपाटाआड उभी होते, अण्णा, आणि मला सगळं ऐकू येत होतं.